आवारातला जुना उंबर काढावा का? वार्षिक सभेपुढे ठेवण्यासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न: आमची सोसायटी कांदिवलीत आहे, इमारत 1983 ची. आवाराच्या कोपऱ्यात मोठा उंबर आहे, तो इमारतीच्याही आधीपासूनचा. फळं गाड्यांवर पडून चिकटतात, माश्या घोंगावतात, रात्री वटवाघळं भिंती खराब करतात. काही सभासदांचं म्हणणं असं, की उंबर काढून तिथे पार्किंग करू आणि कुंपणालगत दहा बॉटल पाम लावू, म्हणजे झाडंही वाढतील. विषय वार्षिक सभेपुढे येणार आहे. झाडाचा माणसांना आणि पशुपक्ष्यांना नेमका उपयोग काय, हे शाळेतल्या निबंधासारखं न वाटता कसं मांडू?

उत्तर: माझं मत आधी सांगतो. उंबर काढू नका. मुंबईतली झाडं तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. दहा पाम लावून भरून निघेल असं या झाडाकडे जवळपास काहीच नाही.

सभेत ऑक्सिजनचा मुद्दा मात्र काढू नका. हवेत ऑक्सिजन जवळपास 21 टक्के असतो आणि तो कांदिवलीतही तेवढाच आहे. एक उंबर असल्या-नसल्याने त्यात मोजता येईल असा फरक पडत नाही. ‘पिंपळ आणि उंबर रात्रीही ऑक्सिजन देतात’ हे तर सरळ चुकीचं आहे. पानांतून ऑक्सिजन बाहेर पडायला उजेड लागतो. रात्री झाडही आपल्यासारखंच ऑक्सिजन घेतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. सभेत विज्ञान शिकलेला कुणीतरी असतोच. त्याने एवढी एक गोष्ट खोडून काढली की तुमच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांकडेही लोक संशयाने बघतील.

खऱ्या मुद्द्यांत पहिला सावलीचा. मुंबईची हवा दमट असल्याने घाम लवकर वाळत नाही आणि घाम वाळताना अंगाला मिळणारा गारवा इथे अपुरा पडतो. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पानांतून निघणारी वाफ भोवतालची हवा चांगली गार करते. आपल्याकडे तो परिणाम त्यामानाने कमी. म्हणून इथे ऊन अंगावर आणि जमिनीवर मुळात पडूच न देणं हे झाडाचं मोठं काम ठरतं. काँक्रीट आणि डांबर दिवसभर तापतात आणि ती धग रात्रीपर्यंत सोडत राहतात. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या सभासदांना हे ठाऊक असतं. उंबराच्या बाजूची खोली आणि दुसऱ्या बाजूची उघडी खोली यांतला एप्रिलमधल्या रात्रीचा फरक त्यांनाच सभेत सांगू द्या. उंबर थंडी सरताना पानं टाकतो आणि ऊन खरं तापायच्या आत नवी पानं आणतो, हे मुंबईच्या हवामानाला फारच सोयीचं आहे.

ही सावली फक्त सभासदांची नसते. गेटबाहेर इस्त्रीवाला कुठे टेबल लावतो, भाजीची पाटी कुठे उतरते, डिलिव्हरीची मुलं पुढची ऑर्डर येईपर्यंत बाईक कुठे उभी करतात, वॉचमन दुपारी खुर्ची कुठे सरकवतात, ते पाहा. हातावर पोट असलेल्या माणसाला मुंबईत भाडं न देता मिळणारं छप्पर म्हणजे रस्त्याकडेचं जुनं झाड. उपयोगाची यादी करताना ही माणसं राहून जातात, कारण ती सभेला नसतात.

पावसाबद्दल थोडक्यात. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. दाट पर्णसंभार सरीचा काही भाग पानांवर झेलतो आणि उरलेला सावकाश खाली सोडतो. मुळांनी भुसभुशीत ठेवलेली माती त्यातलं पाणी मुरवते, त्यामुळे नेहमीच्या सरीत गटारावर एकदम भार येत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. तशा पावसापुढे एकट्या झाडाचं काही चालत नाही, तेव्हा ‘झाड पूर थांबवतं’ असंही म्हणू नका. पण उंबर काढून त्या जागी पार्किंगचं काँक्रीट केलंत, तर तिथलं सगळं पाणी थेट तुमच्या गेटकडे येईल. हे समजायला इंजिनियर लागत नाही.

आता उंबराच्या फळाकडे येतो. तुमच्या सगळ्या तक्रारी त्याच्यावरून आहेत आणि झाडाचं खरं मोलही त्यातच आहे.

उंबराचं फूल कुणाला दिसत नाही, कारण आपण ज्याला फळ म्हणतो त्या गोळ्याच्या आतच शेकडो बारीक फुलं असतात. बाहेरून आत जायला टोकाशी एक अरुंद छिद्र. तिथून जेमतेम दोन मिलिमीटरची, गांधीलमाशीच्या गोतातली एक मादी आत शिरते. शिरताना तिचे पंख बहुधा तुटतात. ती सोबत आणलेले परागकण फुलांवर टाकते, अंडी घालते आणि आतच मरते. पुढच्या पिढीतले नर फळाच्या आतच, आपापल्या फुलातून आधी बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. ते माद्यांशी मिलन करतात, फळाच्या भिंतीला भोक पाडतात आणि त्यांचं आयुष्य संपतं. माद्या त्या भोकातून पराग घेऊन उडतात. त्यांच्या हातात एखाद-दुसरा दिवस असतो. तेवढ्यात त्यांना योग्य अवस्थेतली फळं धरलेला दुसरा उंबर सापडावा लागतो. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी. उंबराच्या माशीचं वडावर भागत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. माशीचं आयुष्य इतकं तोकडं, म्हणून परिसरातले सगळे उंबर एकाच वेळी फळून चालत नाही. ते आगेमागे फळतात, आणि एकेक झाड वर्षातून अनेकदा फळतं. आंबा एप्रिल-मेमध्ये येतो, जांभूळ मे-जूनमध्ये. भर पावसात आणि थंडीत बाकीच्या झाडांवर खायला फारसं नसतं, तेव्हा पाखरांना वड, पिंपळ, उंबर, पिंपरी यांचा आधार असतो. दुसरी गोष्ट म्हणजे, एखाद्या भागातला एक उंबर गेला की आगेमागे फळण्याच्या या साखळीतली एक पाळी रिकामी पडते. कांदिवलीत जुने उंबर आता फार उरलेले नाहीत, म्हणून तुमच्या एकट्या झाडाचं वजन जास्त.

ते फळलं की एका सकाळी दुर्बीण नसली तरी गच्चीत उभे राहा. तांबट, बुलबुल, साळुंकी, कोकीळ ही मंडळी तर येतीलच. थंडीत हळद्या येईल. हरियल, म्हणजे आपला राज्यपक्षी, पानांच्या रंगात इतका मिसळतो की हलल्याशिवाय दिसत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान तुमच्यापासून लांब नाही, तेव्हा राखी धनेशाची जोडी आली तरी मला आश्चर्य वाटणार नाही. दिवसभर खारी. रात्री वटवाघळं. ही सगळी फळ एका ठिकाणी खातात आणि बी दुसरीकडे टाकतात. राष्ट्रीय उद्यान, आरे आणि वस्तीतली जुनी झाडं यांच्यामधली बियांची ने-आण हेच प्राणी करतात. तुमचा उंबरही बहुतेक कुणी मुद्दाम लावलेला नसेल, तो असाच आला असेल.

फळांपलीकडेही बरंच आहे. उंबराच्या पानांवर फोडांसारख्या गाठी दिसतात. सभासद त्याला रोग समजून फवारणी करायला सांगतील. त्या एका बारीक किड्याने केलेल्या गाठी असतात, मोठ्या झाडाला त्यांचा त्रास नसतो, आणि तसले किडे टिपायला शिंपी, नाचण यांसारखे छोटे पक्षी दिवसभर फांद्यांत फिरत असतात. वाळकी फांदी आपल्याला कुरूप वाटते. तांबटाला नेमकी तीच हवी असते, कारण मऊ पडलेल्या लाकडात तो चोचीने घर कोरतो, शक्यतो तिरक्या फांदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाऊस आत जात नाही. ढोली मोठी असेल तर पोपट, पिंगळा, दयाळ. पिंगळ्याची एक जोडी आवारात राहिली तर उंदरांची पिल्लं आणि झुरळं ती फुकट टिपते. अशी ढोली तयार व्हायला झाडाचं बरंच आयुष्य जावं लागतं. नव्या रोपात ती कुठून येणार?

बॉटल पामबद्दल माझा राग नाही, पण त्याची सावली छत्रीएवढीही पडत नाही आणि आपल्याकडच्या पाखरांना त्यात विशेष काही मिळत नाही. कुणी म्हणेल, मग उंच वाढणारा खोटा अशोक लावू. तो पामपेक्षा बरा. त्याच्या पानांवर टेल्ड जे या हिरव्या ठिपक्यांच्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात आणि त्याची जांभळी फळं कोकीळ नि वटवाघळं खातात. तरीही तो उंबराची जागा घेऊ शकत नाही. महापालिकेच्या 2018 च्या वृक्षगणनेत मुंबईत सुमारे 29 लाख 75 हजार झाडं मोजली गेली. अशा मोजणीत पामही एक आणि उंबरही एक. ‘एकाच्या बदल्यात दहा’ हा हिशेब सभेत भारी वाटतो तो यामुळेच. तुम्ही झाडांचा आकडा बाजूला ठेवून सावलीचे चौरस फूट विचारा, आणि वर्षातले किती महिने खायला मिळतं ते विचारा.

कुणी ‘असल्या चिकचिकाटाच्या झाडाचा उपयोग काय’ म्हणालं, तर त्यांना तिवरांची, म्हणजे खाडीकाठच्या कांदळवनाची, आठवण द्या. ठाण्याच्या खाडीपासून गोराईपर्यंतचं तिवराचं रान मुंबईने कित्येक वर्षं चिखल आणि डासांची जागा मानलं, भराव घालून बुजवलं. कोळ्यांना मात्र पहिल्यापासून ठाऊक होतं, की चिंबोऱ्या, निवट्या, कोळंबी यांचं बस्तान तिथे आहे आणि भरतीचं पाणी तिथेच अडतं. 2012 मध्ये राज्याने कांदळवन कक्ष स्थापन केला आणि 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनं तोडायला मनाई केली. तोवर खूप गेलं होतं.

आता तुमच्या तक्रारी. त्या खोट्या नाहीत, आणि ‘निसर्ग आहे, सहन करा’ असं सांगून सभेत कुणी ऐकणार नाही.

फळं: झाडाखालच्या दोन-तीन जागा चारचाकीसाठी ठेवूच नका. तिथे सायकली लावा, बाक टाका, किंवा चुरल्याने बिघडत नाही अशी मोकळी माती राहू द्या. जागा कमीच असतील तर गाड्यांच्या रांगेवर हिरव्या शेडनेटचा हलका मांडव घाला. फळांचा भर असतो त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ झाडलोट करा आणि गोळा झालेली फळं वाळक्या पानांत मिसळून आवारातच खत करा. घोंगावणाऱ्या माश्या जमिनीवर कुजणाऱ्या फळांवर येतात. झाडलोट झाली की त्या राहत नाहीत. फळातून निघणाऱ्या चिलटांना घाबरू नका, ती चावत नाहीत आणि घरात राहत नाहीत.

वटवाघळं फळ तोंडात धरून जवळच्या आडोशाला, बऱ्याचदा जिन्याच्या किंवा पोर्चच्या छताला, लटकून खातात. भिंतीवरचे डाग तिथून येतात. त्या नेमक्या जागी जाळी लावा आणि तिथला रंग धुता येईल असा घ्या. झाडाला हात लावायची गरज नाही. वटवाघूळ हाताळायचं नाही, त्याने कुरतडलेलं फळ खायचं नाही आणि मुलांना खाऊ द्यायचं नाही, एवढी काळजी घ्या.

पाइपवर आणि भिंतीच्या फटीत उगवणारी पिंपळ-उंबराची रोपं ही खरी अडचण आहे. ती दोन-चार पानांची असतानाच मुळासकट उपटा. नुसती कापली तर पुन्हा फुटतात आणि मूळ भिंतीत जाडच होत राहतं. दरवर्षी पावसाळा संपल्यावर गच्ची आणि पाइपलाइन बघून घेतली की पुरतं. इमारतीवरचा उंबर काढायचा आणि जमिनीवरचा जपायचा, यात काहीही विसंगती नाही.

झाड पडेल ही भीती मी सगळ्यांत गंभीर मानतो. उंबराचं लाकूड मऊ असतं, लांब आडव्या फांद्या तुटू शकतात. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात मुंबईभर झाडं पडली, ती तुमच्या सभासदांना आठवत असतील. माझ्या पाहण्यात शहरातलं झाड पडण्यामागे बहुतेकदा वाऱ्याआधी माणसाचा हात असतो. केबलसाठी चर खणताना मुळं तुटलेली असतात, बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट आलेलं असतं, किंवा तारांपासून वाचवताना एकाच बाजूच्या फांद्या छाटून तोल घालवलेला असतो. म्हणून आधी बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडून चारही बाजूंनी निदान एक मीटर माती मोकळी करा. जमलं तर जास्त. मुळांचं पाणी औषधी म्हणून कुणी मूळ कापत असेल तर ते थांबवा. खिळे आणि रोषणाईच्या तारा काढा. मग जाणकाराकडून तपासणी करून घ्या. बुंध्याशी कडक छत्र्यांसारखी बुरशी, ठोकल्यावर पोकळ आवाज, मुळांच्या बाजूने मातीला गेलेले तडे, अलीकडे वाढलेला कल, ही लक्षणं आढळली तर मीच तुम्हाला झाड उतरवायचा सल्ला देईन. माणसाच्या जिवाशी खेळ करून झाड राखायचं नसतं. ही लक्षणं नसतील तर लांब फांद्या थोड्या आखूड करून भार कमी करणं पुरेसं असतं. झाड बोडकं करू नका. बोडक्या झाडाला फुटणारे नवे धुमारे कमकुवत जोडाचे असतात आणि काही वर्षांनी तेच तुटून पडतात. जखमेवर डांबर फासणं, ढोलीत सिमेंट भरणं हेही नको.

कायद्याचं तुम्हाला माहीत असायला हवं. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम 1975 नुसार खासगी आवारातलं झाडही परवानगीशिवाय तोडणं गुन्हा आहे. झाड सोसायटीच्या जागेत असलं तरी निर्णय एकट्या सभेचा नाही. छाटणीसाठीही वॉर्डच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा दिला आहे आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावण्याची अट घातली आहे. तुमची इमारत 1983 ची आणि झाड त्याआधीचं, म्हणजे उंबर या वयात बसण्याची चांगलीच शक्यता आहे. 50 वर्षांच्या झाडाबदल्यात 50 रोपं लावून ती जगवायची म्हटलं तर तुमच्या कुंपणात ती मावणार नाहीत. जुना फोटो सापडला तर जपून ठेवा, वयाचा अंदाज करायला उपयोगी पडतो.

कुंपणालगत नवी झाडं लावायची हौस असेल तर जरूर लावा, फक्त उंबराच्या जोडीला. उन्हाच्या बाजूला बहावा किंवा ताम्हण. बहाव्यावर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात आणि फुलांवर मोठे काळे भुंगे येतात. करंज खाऱ्या वाऱ्यात टिकतो आणि सावली दाट देतो. अरुंद जागेत बकुळ किंवा सीता अशोक. कोपऱ्यात कढीपत्ता आणि लिंबू लावलंत तर स्वयंपाकाला पानं मिळतील आणि लिंबाच्या पानांवर नीलवंत, म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू, अंडी घालायला येऊ शकेल. अळ्यांनी पानं खाल्ली म्हणून औषध मारू नका, पानं पुन्हा येतात. जांभूळ मात्र पार्किंगजवळ नको, नाहीतर पुढच्या सभेत पुन्हा हाच विषय येईल.

सभेपुढे ठराव तीनच ओळींचा ठेवा: उंबराची तपासणी करून घेणे, बुंध्याभोवतीचं काँक्रीट काढणे, परवानगी घेऊन मर्यादित छाटणी करणे. छाटणीचा दिवस ठरवण्याआधी सकाळी आणि संध्याकाळी झाड नीट न्याहाळा. घार थंडीत घरटं करते, पोपट आणि तांबट त्यापाठोपाठ, कावळा एप्रिलपासून, आणि त्याच्या घरट्यात कोकिळेचं अंडं असू शकतं. पूर्ण मोकळा महिना बहुधा सापडत नाही. ज्या फांदीवर घरटं चालू आहे ती तेवढी पिल्लं उडेपर्यंत सोडा. तांबटाचं भोक असलेली वाळकी फांदी वाटेवर येत नसेल तर कापूच नका, आणि येत असेल तर भोकाच्या पुढचं टोक तेवढं आखूड करायला सांगा.